कवडीच्या डोळ्याखालचा भोवरा

९ नोव्हेंबर, वाशीम

वाशीम जिल्ह्यातल्या तमाम घोड्यांनो, घोडींनो आणि आईच्या पोटाखाली अजून दूध शोधणाऱ्या शिंगरांनो!

तुमच्यावर अन्याय झालेला आहे. आज दिवसभर मी लग्नांचे अल्बम चाळले. सोनेरी कडांचे, उशीएवढे जाड. प्रत्येकात घोडीवरचा नवरदेव आहे. त्याचा फेटा आहे, हातातली कट्यार आहे, पुढ्यात बसवलेला रडका भाचा आहे. आणि तुम्ही कुठे आहात? इथे दोन कान, तिथे अर्धी मान, एका ठिकाणी नुसती शेपटी, तीही कुणा मामाच्या खांद्यामागून. ज्यांच्या पाठीवर हा सगळा थाट उभा राहिला, त्यांचीच डोकी कापली! हा कुठला न्याय?

इथे टाळी पडली असती. आता नुसता पंखा फिरतो आहे.

घोड्यांशी बोलते आहे, कारण माणसांशी बोलायची मला बंदी झाली आहे. अकोल्याच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि विचारलं, "बाई, उभं आयुष्य माईकशिवाय बोललात की काय?" मी मान हलवली. मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत माईकशिवाय पोचणं हाच तर माझा अभिमान. ते म्हणाले, आता एक शब्द नाही. कुजबुज तर मुळीच नाही, कुजबुजीने जास्त झिजतं. मी कागदावर लिहून विचारलं, तीन जानेवारीला माझं भाषण आहे, तोवर होईल ना? ते म्हणाले, "पाहू." डॉक्टर लोक घाईत असतात.

अल्बम हरीओमचे. माझा भाचा. बसस्टँडजवळ त्याचा स्टुडिओ आहे, लग्नांचे फोटो काढतो. फेब्रुवारीत त्याचंच लग्न आहे, केनवडच्या निकिताशी. संध्याकाळी त्याने जुना कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला.

"आत्या, तू भितीकडे पाहून हात हलवून राह्यली. घे, याच्यातून पाह्य. तेवढाच हाताले धंदा."

मी पाटीवर लिहिलं: कुणाचे फोटो काढू?

"कोनाचेबी काढ. पन माणसाचे काढशील त 'हसा' म्हनावं लागते, बरं."

तेच तर. मला 'हसा' म्हणता येत नाही. घोड्यांना म्हणावं लागत नाही.

१६ नोव्हेंबर

आठवडाभराचे फोटो हरीओमने पाहिले. "आत्या, हे घोड्याचं हाये का कंपाउंडच्या भितीचं?" घोड्याचं होतं. मी बटण दाबेपर्यंत घोडा गेला.

पण आज एक गोष्ट झाली. एका मंगल कार्यालयात वरात दारात पोचली होती, बँड बडवत होता. मी मागच्या बाजूला गेले, जिथे मंडपवाल्यांची भांडी घासतात. तिथे ती उभी होती. पांढरी घोडी. नवरदेव उतरून गेलेला, पाठीवरचा मखमली साज काढून टेम्पोत टाकलेला. तोंडावर मात्र मण्यांची झालर होती, गालांवरून खाली लोंबणारी. ती झोपली होती. उभ्याने. एक मागचा खूर टोकावर टेकलेला, खालचा ओठ सुटलेला, कान बाजूला पडलेले. भांड्यांच्या खणखणाटात ती अशी झोपली होती, जणू ती दुसऱ्याच कुठल्या गावाला गेली आहे आणि शरीर तेवढं मागे राखणीला ठेवलं आहे.

मी फोटो काढला नाही. नुसती पाहत राहिले. किती वेळ ते माहीत नाही. सभेत मी मिनिटं मोजून बोलते.

मालकाचं नाव खेमा. आसेगावजवळच्या तांड्यावर राहतो. घोडीचं नाव कवडी.

२३ नोव्हेंबर

एस.टी.ने आसेगाव, पुढे ऑटो. खेमाने माझी पाटी वाचली, 'घोडीचे फोटो काढायचे आहेत', आणि तो जे सुरू झाला ते थांबेना. कवडीची आजी मारवाडची. पणजी एका राजाची. बाप असा होता, की त्याला पाहून रेल्वे थांबली होती.

"खोटं," त्याची बायको कमलीबाई चुलीपाशी बसून म्हणाली. "नांदेडकडच्या एका तेल्यापासून आनली. रेल्वेनं नाही, पायी."

"पायीच येते न घोडी! मंग काय खांद्यावर आनू?"

कमलीबाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाई मुकी हाये का?"

मी पाटी पुढे केली. तिने हाताने बाजूला सारली. "मले वाचता येत नाही. हातानं सांगा."

मी हाताने सांगितलं: बोलायची, खूप, घसा गेला. तिला कळलं. मग तिने तिच्या हाताने विचारलं: चहा? गूळ की साखर? आम्ही दिवसभर असंच बोललो. मी निघताना ती खेमाला म्हणाली, "तांड्यावर बोलनाऱ्या बाया लय येतात. चूप बसनारी पयलीच."

पटलं नाही मला ते. न बोलता काय बदलतं या जगात?

२९ नोव्हेंबर

पांढरा हा एक रंग नाही. सकाळी कवडी सायीच्या रंगाची असते, दुपारी चुन्याच्या, सांज होता होता तुपाच्या. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एवढी पुस्तकं वाचली, एकातही नव्हतं.

२ डिसेंबर

घरी वाद. म्हणजे वहिनी बोलल्या, मी पाटी बडवली. हरीओमच्या आईने, गोजरावहिनींनी, त्याच्या वरातीसाठी घोडी ठरवली, आणि ठरवली ती कवडीच! खेमाचा नंबर माझ्याच पिशवीतून काढला.

मी लिहिलं: माझ्या घरच्या लग्नात वरात नको. कुणी आपल्या लग्नात घोडीवर बसला म्हणून या देशात अजून डोकी फुटतात. जो मान सगळ्यांना नाही, तो आपल्याला कशाला?

"बाई, तुमचं बरोबर हाये," वहिनी म्हणाल्या, "पन माहं एकच पोरगं हाये. तुमची पाटी भरली, आता पुसा अन् जेवाले बसा."

७ डिसेंबर

आज. आज काय झालं ते नीट लिहिते.

काल रात्री तांड्यावरच राहिले. पहाटे उठले तर धुकं असं, की तांडा नव्हताच. तुरीला फुलं आहेत. धुक्यात ती पिवळी फुलं तेवढी दिसत होती, हवेत टांगल्यासारखी, खाली झाड आहे की नाही याचा पत्ता नाही. त्या पिवळ्यातून कवडी चालत आली. तिचे पायही दिसत नव्हते. मोकळी होती. अंगावर साज नाही, तोंडावर झालर नाही, दोर नाही. आपल्या मनाने हिंडून परत येत होती.

ती माझ्यासमोर थांबली. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि थांबले. आता मला थांबता येतं. घोडीचा कान आधी वळतो, मग डोळा, मग मान. कान वळला की श्वास घ्यायचा, डोळा वळला की सोडायचा नाही. सूर्य धुक्याच्या मागून वर आला, आडवा, तिच्या चेहऱ्याला घासून जाणारा. आणि मला तो दिसला. डोळ्याच्या अगदी खाली, थेंब ओघळून जिथे थांबावा तिथे, केसांचा एक भोवरा. नदीत एखाद्या जागी पाणी स्वतःभोवतीच फिरत राहतं, तसा. प्रत्येक केसाला उजेडाची कड. आणि वरच्या डोळ्यात सगळं रान: तूर, धुकं, वाकडी होऊन उभी असलेली मी.

बटण दाबलं.

नंतर पुष्कळ वेळ कुणी हललं नाही. भाषण संपल्यावर टाळ्या पडायच्या आधी एक क्षण असतो, सगळी सभा एकच प्राणी झालेली असते. त्या एका क्षणासाठी मी तासभर बोलायची. इथे तो क्षण आधीच होता, आणि संपत नव्हता.

कमलीबाई दुरून माझ्याकडे पाहत आपल्या गालावरून हात फिरवत होती, पुन्हा पुन्हा. तिलाही भरून आलं असावं.

१० डिसेंबर

सात तारखेलाच रात्री हरीओमने फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "आत्या, हे तू काहाडलं?" त्याने तो स्टुडिओच्या स्टेटसला टाकला. खाली खेमाचं नाव, नंबर. म्हणजे त्याला चार कामं जास्त मिळतील.

तीन दिवसांत फोटो रिसोडला गेला, मानोऱ्याला गेला, पुसदच्या कुणीतरी मला परत पाठवला. विजय! घोड्यांनो, तुमचं डोकं परत मिळालं!

१३ डिसेंबर

खेमा आला. चपला न काढता घरात आला, तेव्हाच कळलं.

"ताई, तुमी बोलत नव्हत्या तेच बरं होतं! न बोलता एवढं केलं, बोलल्या असत्या त काय केलं असतं?"

मी पाटी शोधत होते. त्याला पाटीची गरज नव्हती. घोडीच्या डोळ्याखालच्या भोवऱ्याला आसूढाळ म्हणतात. आसवं ढाळणारी. अशी घोडी ज्याच्या दारात जाते त्या दारात रडं होतं, असं मानतात. घोड्यांच्या एका व्यापाऱ्याने फोटोतला भोवरा ओळखला, आणि फोटो जिथे जिथे गेला तिथे तिथे त्याचा शेरा गेला. चार कामं वाढली नाहीत. होती तीही गेली.

"ते झालर कायच्यासाठी हाये ताई? कमलीनं मणी ओवू ओवू डोळे फोडले. इतके सालं कोनाले दिसू नाही देल्लं. अन् तुमी सूर्व्याचा उजेड पाडून देल्ला!"

वहिनींनी त्याला पाणी दिलं. तो जरा खाली बसला. पुढे पौष, लग्नं नाहीत. घोडीला चारा रोज लागतो. एक वीटभट्टीवाला तिला मागतो आहे. भट्टीवर विटा वाहणारी घोडी मी पाहिली आहे. पाठीवर दोन्हीकडून जखमा, डोळे धुळीने मिटलेले. ती कुठल्याच गावाला जात नाही, झोपेतसुद्धा.

खेमा जातो न जातो तोच केनवडहून निकिताचे वडील, रामराव, यांचा फोन. ती आसवांची घोडी आमच्या दारात आणू नका.

वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "घ्या. तुमाले वरातीत घोडी नको होती न? नाही येत आता."

मला तेच हवं होतं. हो, मला तेच हवं होतं. मग रात्री जेवण का गेलं नाही?

कमलीबाई गालावरून हात फिरवत होती. गाल झाका, म्हणत होती.

१४ डिसेंबर

हरीओमने कॉम्प्युटर लावला. "त्यात काय आत्या. नवरीचा तीळ काहाडतो, मुरूम काहाडतो, नवरदेवाचं पोट आंदर घेतो. भोवऱ्याले दोन मिनटं." खरंच दोन मिनिटंही लागली नाहीत. पुसलेला फोटो टाकून सांगायचं, आधीचा उजेडाचा खेळ होता.

मी पाहिलं. पांढरी घोडी. सुंदर. कॅलेंडरवर असते तशी. तिला कवडी म्हणून हाक मारली असती तर तिने मान वळवली नसती.

मी लिहिलं: परत आण.

"आत्या, त्या मानसाचं पोट हाये त्याच्यावर!"

मी लिहिलं: पुसलं म्हणजे मान्य केलं. भोवरा केसांचा असतो, नशिबाचा नाही. हे तत्त्व आहे.

तत्त्वच आहे. फोटो चांगला आला आहे म्हणून नाही.

१५ डिसेंबर

रात्रभर मनात भाषण केलं. अंधश्रद्धेवर, झालरींवर, दुसऱ्यांच्या नशिबाचा हिशेब घोडीच्या गालावर मांडणाऱ्या समाजावर. असं भाषण मी आजवर केलं नव्हतं. केनवडच्या चौकात केलं असतं तर रामराव स्वतः लगाम धरून घोडी घेऊन गेले असते. सकाळी आरशासमोर उभी राहिले, तोंड उघडलं, डॉक्टर आठवले, मिटलं.

२१ डिसेंबर

तांड्यावर गेले. वाटलं होतं, हाकलतील. कमलीबाईने हाताने विचारलं: गूळ की साखर?

खेमाने नवी युक्ती काढली आहे. गळ्याखाली भोवरा असला तर त्याला देवमण म्हणतात, तो असला की बाकी सगळ्या खोडी माफ. कवडीला देवमण नाही. म्हणून खेमाने गुळाचं पाणी केलं आणि ब्रशने तिच्या गळ्याखालचे केस गोल गोल फिरवून बसवले.

"घ्या ताई, काहाडा फोटो! बरोबर तसाच सूर्व्याचा उजेड पाडून!"

मी कॅमेरा उचललाही होता. हे इथेच लिहून ठेवते, उचलला होता. तेवढ्यात माश्या आल्या. कवडीने मान झाडली, देवमण खेमाच्या तोंडावर उडाला. कमलीबाई इतकी हसली की खाली बसली. खेमाही शेवटी हसला. मग गळा धुता धुता त्याचं हसू गेलं. वीटभट्टीवाला दोनदा येऊन गेला म्हणाला. घोडीचे दात पाहून गेला.

मी हाताने सांगितलं: थांब. हरीओमच्या लग्नापर्यंत थांब.

"अन् मंग काय होईन?"

मी पुन्हा तीच खूण केली: थांब. शेवटी तो म्हणाला, "बरं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीपर्यंत. त्याच्याहून जास्त नाही जमत ताई."

२८ डिसेंबर

कवडी आता मला पाहून कान वळवते. मी तिच्या डोळ्याखालच्या भोवऱ्यावर बोट ठेवलं. केस एका दिशेने जाता जाता तिथे विचार बदलतात. तेवढंच. ती डोळे मिटून उभी राहिली, आणि मलाही त्या दुसऱ्या गावाला जाऊन आल्यासारखं वाटलं. तिथे कुणी बोलत नाही. तिथे उजेड मात्र फार आहे.

४ जानेवारी

काल तीन तारीख होती! माझ्या लक्षातच नाही. मी दिवसभर तांड्यावर होते, ओसरत्या उन्हात कवडीची सावली तिच्यापुढे चालते ते पाहत. घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, कार्यक्रमवाल्यांनी दुसऱ्या वक्त्या बोलावल्या, बऱ्या बोलल्या म्हणे. बोलल्या असतील.

परवा अकोल्याला गेले होते. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल, पण "वेगळा" असेल. सभेचं विसरा म्हणाले नाहीत, फक्त सभेबद्दल काही म्हणालेच नाहीत. वहिनींनी बाहेर येऊन माझा हात धरला आणि बसस्टँडपर्यंत सोडला नाही. रस्ता ओलांडायची त्यांना भीती वाटते.

१७ जानेवारी, केनवडहून परत

वहिनी होणाऱ्या सुनेला संक्रांतीचं वाण द्यायला निघाल्या, मीही सोबत निघाले. पिशवीत फोटो होता, हरीओमने मोठा छापून दिलेला. भोवऱ्यासकट.

रामरावांनी तीळगूळ दिला आणि फोटो पाहताच ताठ झाले. "ताई, तुमचं भाषन मी केनवडच्या चौकात ऐकेल हाये. नवरदेवानं पायी यावं, म्हने. आता तुमालेच घोडी पाहिजे? अन् हेच घोडी पाहिजे?"

अर्ध्या तासाचं उत्तर माझ्या घशाशी उभं होतं. मी फोटो त्यांच्यासमोर चटईवर ठेवला आणि गप्प बसले. गप्प बसले तर बाकीचे वाकून पाहू लागले. हे मला नवीन आहे. निकिताच्या आत्यांच्या, काक्यांच्या माना फोटोवर झुकल्या. कुणी म्हणालं, डोळ्यात झाड दिसते वं. कुणी म्हणालं, ही बाई उभी हाये पाह्य डोळ्यात.

निकिता चहा घेऊन आली. तिनेही पाहिलं.

"बाबा, हे रडवते म्हनता न? मी त तसीबी रडनार हाये. माह्या ताईच्या लग्नात घोडी नव्हती, टॅक्टरवर आला होता नवरदेव. तुमी सोता केवढे रडले होते! टॅक्टरले होता का भोवरा?"

काक्या पदर तोंडाला लावून हसल्या. रामरावही हसू दाबत राहिले, आणि मग अट घातली. घोडी आणा, पण झालर लावून आणा. लोकांना गाल दिसता कामा नये.

वहिनींना वाटलं, जिंकलो.

५ फेब्रुवारी

उद्या लग्न. खेमा टेम्पोतून कवडीला घेऊन आला. तिला खरारा केला, आयाळ विंचरली, खुरांना तेल लावलं. रामरावांची झालरीची अट मी खुणेने सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मले काय समजत नाही, ताई? झालर लावून आनली त लोक म्हनतील, पाहा, लपवून आनली. एका वरातीनं काय होते? परवा तो भट्टीवाला टेम्पो घेऊन येऊन राह्यला."

तर हे असं आहे. भोवरा लपवून कवडी उद्या मिरवेल, आणि परवा विटा वाहील.

मी हरीओमच्या खोलीत गेले. पाटीवर लिहिलं: झालर नको. त्याने वाचलं. फेटा बांधून पाहत होता, डोळे खाली घातले.

"आत्या, तुझं बरोबर हाये. पन सासरे हायेत. पयल्याच दिवशी त्याईच्या दारात तोंड पाडू का त्याईचं?" आणि पाटी हळूच उलटी करून ठेवली.

किती सोपं असतं ते. पाटी उलटी करता येते. आवाज उलटा ठेवता येत नाही.

७ फेब्रुवारी, वाशीम, सकाळ

उलट्या क्रमाने लिहिते आहे, कारण जे सगळ्यांत आधी घडलं ते मला सगळ्यांत शेवटी लिहायचं आहे.

नवी सून घरात आली. वहिनी तिला ओवाळता ओवाळता दोनदा हरीओमलाच ओवाळून बसल्या.

केनवडहून निघताना पाठवणीला सगळे रडले. निकिता रडली, रामराव तर खांबाला धरून रडले, बँडवाला रडला, त्याचे पैसे मिळाले होते तरी. एकटी कवडी रडली नाही. ती हरभरा खात होती. हे केनवडच्या सगळ्या बायकांनी पाहिलं, आणि एकीने खेमाला बाजूला घेऊन फाल्गुनातली तारीख विचारली. खेमाने फोन काढून भट्टीवाल्याला सांगितलं, "टेम्पो नको आनू. घोडीले टाईम नाही." मग तो त्या बाईला कवडीच्या पणजीच्या राजाची गोष्ट सांगू लागला. कमलीबाई मध्ये पडली नाही.

त्याच्या आधी, वरात दारात असताना, निकिता नवरीच्या शालूत मांडवाच्या दारातून बाहेर आली. आजवर कुणी नवरी अशी आलेली नाही. तिने हळदीचं बोट कवडीच्या डोळ्याखाली, बरोबर भोवऱ्यावर, टेकवलं आणि आत निघून गेली. घोडीचा उघडा गाल पाहून रामराव लालबुंद झाले होते, ते तिच्या पाठमोऱ्या शालूकडे पाहत राहिले. मग त्यांनी स्वतः घोडीच्या खुरांवर पाणी घातलं. तो फोटो मी काढला आहे. त्यात कवडी पूर्ण आहे, कानांपासून खुरांपर्यंत. गालावर पिवळा ठिपका, सात डिसेंबरच्या तुरीसारखा.

आणि त्याच्याही आधी.

उन्हं कलली होती. कवडी तुपाच्या रंगाची झाली होती. बँडच्या धुळीत उजेड जाड झाला होता, हात घातला तर हाताला लागला असता. वरात दारात थांबली. समोर रामराव, मागे सगळं केनवड, छतांवर बायका. मी कॅमेरा डोळ्याला लावला. कवडीचा कान वळला. मी श्वास घेतला. आता डोळा वळेल, म्हणून थांबले, पण डोळा दिसेना, मणी दिसत होते. नुसते मणी. हा फोटोही अल्बमात जाणार होता, डोकं कापलेला, फक्त कात्रीऐवजी मण्यांनी.

मी कॅमेरा खाली घेतला.

घशात जे उरलं होतं ते मी कशासाठी जपत होते, मला आठवेना. मागच्या रांगेपर्यंत जायचं नव्हतं. घोडीच्या पाठीपर्यंत जायचं होतं. निघाला तो आवाज माझा नव्हता, भाजलेल्या पापडासारखा कुणाचातरी होता. पण बँड थांबला. हरीओमने दचकून खाली पाहिलं. एवढे दिवस मनात मुरलेल्या त्या सबंध भाषणातून मी एवढंच बोलले:

"हरीओम, झालर काढ."